पत्र्यावर पाडलेला पाऊस

१९३० च्या दशकात हॉलिवूडच्या मॅकॅडन प्लेस नावाच्या रस्त्यावर एक हॉटेल होतं. त्याच्या बारवर मुद्दाम पन्हळी पत्रा घातलेला होता आणि पत्र्याच्या वर पाण्याचा पाइप होता. संध्याकाळ सरत आली, गिऱ्हाइकं घड्याळाकडे बघू लागली की मालक खूण करायचा. वर नळ सुटायचा आणि पत्र्यावर सरी वाजायला लागायच्या. बाहेर आभाळ निरभ्र आणि रस्ता कोरडा ठणठणीत असायचा. पण आत उजेड मिणमिणता, भिंती बांबूंनी आणि चटयांनी मढवलेल्या, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नसे. पाऊस लागला वाटतं, असं म्हणत मंडळी पुन्हा टेकायची आणि आणखी एक पेला मागवायची.

लॉस एंजेलिसमध्ये वर्षाकाठी जेमतेम साडेतीनशे-पावणेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो. सावंतवाडीत तो साडेतीन-चार हजारांच्या घरात जातो, वर आंबोलीला तर विचारायलाच नको. मिरगापासून जो आमच्या डोक्यावर फुकट आणि पुरेपूर कोसळतो, तो पाऊस तिथं एक माणूस नळानं पाडत होता आणि त्यावर धंदा करत होता. त्याला जे कळलं होतं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाहुणा उठायला लागला आणि बाहेर झड आली की घरधनीण म्हणते, "बसा हो, पावस थांबांदे, मगे जावा." चहाचं आधण पुन्हा चढतं. पाऊस माणसाला थांबवतो, जवळ बसवतो, बोलतं करतो. एवढ्या साध्या गोष्टीवर आख्खी हॉटेलांची साखळी उभी राहू शकते, हे सुचणाऱ्या माणसाचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

त्याचं जन्मनाव अर्नेस्ट रेमंड बोमाँट गँट. जन्म १९०७ चा. तरुणपणी तो कॅरिबियन बेटं, दक्षिण पॅसिफिक असा भटकला आणि हॉलिवूडला येऊन थडकला. तिथं त्या काळी दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे सिनेमे निघत होते. गँटकडे प्रवासात गोळा केलेलं सामान होतं, ते तो अशा सिनेमांच्या सेटसाठी भाड्यानं द्यायचा आणि जोडीला सल्लाही द्यायचा. देखावा कसा उभा करायचा याचं शिक्षण त्याला तिथंच मिळालं असणार.

५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली. तेरा वर्षांच्या बंदीनंतर लोकांना प्यायची होती, पण चांगली व्हिस्की बाजारात नव्हती. ती लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरावी लागते आणि मधली वर्षं कारखाने बंद होते. कॅरिबियन बेटांवर मात्र रम मुरत पडलेली होती, आणि ती स्वस्त होती. गँटनं नेमकी ती धरली. पंचवीसएक माणसं बसतील एवढा गाळा घेतला, त्यात मासेमारीची जाळी, बांबू, काचेचे तरंगते गोळे, नावेचे तुकडे टांगले आणि बारचं नाव ठेवलं 'डॉन्स बीचकोंबर'. बीचकोंबर म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू वेचत भटकणारा माणूस. पुढे १९३७ मध्ये समोरच्या मोठ्या जागेत 'डॉन द बीचकोंबर' हे उपाहारगृह थाटलं, आणि ते नाव त्याला इतकं चिकटलं की गँटनं स्वतःचं नाव बदलून कायदेशीररीत्या डॉन बीच करून घेतलं.

मंदीचे दिवस होते. दूरच्या बेटांवर जायला पैसे कुणाकडे होते? पण एक पेला घेण्याइतके पैसे पुष्कळांकडे होते. चार्ली चॅप्लिन, मार्लेन डिट्रिच अशी सिनेमातली माणसंही यायला लागली. नेहमीच्या बड्या गिऱ्हाइकांच्या हस्तिदंती चॉपस्टिक नावानिशी कपाटात जपून ठेवलेल्या असत.

या जागेची रचना नीट पाहिली तर चकित व्हायला होतं. भिंतींवर पॉलिनेशिया होता, म्हणजे ताहिती, सामोआ, हवाई ही पॅसिफिकमधली बेटं. पेल्यात कॅरिबियन होतं, म्हणजे पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला असलेल्या जमैका, पोर्तो रिको, बार्बाडोसची रम. ताटात चीन होता, कारण भटारखान्यातले आचारी कँटनचं जेवण रांधायचे आणि ते 'दक्षिण समुद्रातलं' म्हणून वाढलं जायचं. आणि बारच्या मागे उभे राहून हे सगळं जुळवणारे हात बहुतेक फिलिपिनो पोरांचे होते. यातल्या कुठल्याच दोन गोष्टी एका गावच्या नव्हत्या. असं बेट पृथ्वीवर कुठंही नव्हतं, तरी तिथं बसलेल्याला आपण बेटावर आलो आहोत अशी खात्री वाटायची.

लबाडी म्हणून हे सोडून द्यावं असं मात्र मला वाटत नाही. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळं मिळतात. आंबा, केळं, सीताफळ, अननस, सगळी इतकी हुबेहूब रंगवलेली की परगावचा माणूस हात लावून बघतोच. ती लाकडाची आहेत हे दुकानदारही लपवत नाही आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पैसे द्यायचे ते चिताऱ्याच्या हाताला. डॉन बीचच्या गिऱ्हाइकांनाही आपण हॉलिवूडमध्येच आहोत हे पक्कं माहीत होतं. प्रश्न इतकाच की या देखाव्यात खरी कारागिरी कुठं होती? ती पेल्यात होती.

त्याचं सर्वांत गाजलेलं पेय 'झाँबी'. १९३४ सालातलं. एका माणसाला दोनांपेक्षा जास्त मिळणार नाहीत असा हॉटेलचा नियमच होता, आणि त्या नियमामुळे पेयाची कीर्ती आणखी वाढली. हा पेला जवळून बघण्यासारखा आहे. त्यात एक नाही, तीन रम आहेत. जमैकाची वासाला उग्र, अंगानं जड. पोर्तो रिकोची हलकी, सोनेरी. आणि गयानाची डेमेरारा, जळक्या साखरेच्या वासाची आणि अतिशय कडक. तिन्ही मिळून जवळजवळ १२० मिलिलिटर. एका रममध्ये जी चव सापडत नाही ती तिघींच्या संगतीत सापडते, हे डॉन बीचनं ओळखलं आणि आयुष्यभर त्यावरच काम केलं. मग ताज्या लिंबाचा रस. मग फॅलर्नम, म्हणजे लिंबू, आलं, लवंग घातलेला बार्बाडोसचा पाक. थोडं डाळिंबाचं सरबत, कडू अर्काचा एक शिंतोडा, बडीशेपेच्या वासाच्या मद्याचे मोजून सहा थेंब. आणि शेवटी 'डॉन्स मिक्स' नावाचं एक गूढ मिश्रण, ज्याची कथा पुढे येईल. हे सगळं चुरलेल्या बर्फाबरोबर यंत्रात घालायचं आणि पाच सेकंदांच्या वर फिरवायचं नाही. फिरवलं तर बर्फ विरघळून पेय पाणचट होतं. पाच सेकंद! एवढा काटेकोरपणा आपण औषधाच्या दुकानात अपेक्षितो.

आता यातला एकेक जिन्नस हातात घ्या आणि त्याचा माग काढा. रम उसाची. ऊस मूळ न्यू गिनीचा, पण त्याच्या रसापासून दाणेदार साखर करायची विद्या भारतात फुलली. पश्चिमेकडे सरकत सरकत ऊस भूमध्य समुद्रापर्यंत गेला आणि १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर उतरला. लिंबू आशियातलं, अरबांच्या हातून पश्चिमेला गेलेलं. आलंही आशियातलंच. लवंग मलुकूच्या बेटांवरची, पण शतकानुशतकं तिचा व्यापार या हिंदी महासागरातूनच चालला. म्हणजे पॅसिफिकच्या नावानं, कॅरिबियनच्या रमवर उभं असलेलं हे पेय खरं तर पूर्वेकडून निघालेल्या गलबतांनी पेल्यापर्यंत आणून सोडलेलं.

पेयाची मांडणी तर आणखी जवळची. आंबट, गोड, कडक, पाणी आणि मसाला या पाच गोष्टींच्या मेळाला पंच म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांमधल्या १६३२ सालच्या एका पत्रात या पेयाचा उल्लेख आहे, आणि ते पत्र हिंदुस्थानातलं आहे. इथं आलेल्या खलाशांची बिअर उष्ण हवेत आंबून जायची, तेव्हा त्यांनी स्थानिक दारू, लिंबू, साखर आणि जायफळ यांचं हे मिश्रण सुरू केलं. दारू कुठली? माडाच्या माडीपासून काढलेली. गोव्याची ही दारू पुढे इंग्लंडमध्येही ओळखीची झाली. आमच्या शेजारच्या पेडणे-बारदेशात माडाची फेणी आजही काढतात, काजूच्या फेणीच्या बोलबाल्यात तिच्याकडे दुर्लक्ष होतं एवढंच. पंच जहाजांवरून कॅरिबियनला पोचला, तिथं माडाच्या दारूच्या जागी रम आली, त्याचा 'प्लँटर्स पंच' झाला. डॉन बीचनं आपली बहुतेक पेयं या प्लँटर्स पंचाच्या सांगाड्यावर रचली. झाँबीची वंशावळ मागे मागे नेली तर ती आपल्याच किनारपट्टीवर येऊन टेकते.

आणि माड? झावळ्या आणि करवंट्यांशिवाय असलं हॉटेल उभंच राहत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात जगभरातल्या तेराशेहून जास्त माडांची तपासणी झाली. त्यात दिसलं की माणसानं माड दोन वेगळ्या ठिकाणी माणसाळवला, एकदा पॅसिफिकच्या बाजूला, आग्नेय आशियाच्या बेटांवर, आणि एकदा हिंदी महासागराच्या काठी, दक्षिण भारताच्या आसपास. पॉलिनेशियातले माड पहिल्या घराण्यातले. कॅरिबियनच्या किनाऱ्यावरचे माड मात्र दुसऱ्या घराण्यातले, म्हणजे आपल्याच भाऊबंदकीतले, कारण ते पोर्तुगिजांनी हिंदी महासागरातून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि तिथून अटलांटिक ओलांडून नेले. त्याच पोर्तुगिजांनी उलट्या दिशेनं ब्राझीलचा काजू आणला. सोबत अननस आला, पपई आली, मिरची आली. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला जाताना दुतर्फा दिसणारी काजूची झाडं ज्याला अगदी अस्सल कोकण वाटतात, तोही एका परीनं जमवून आणलेल्याच बागेतून चाललेला असतो. हे कळल्यापासून डॉन बीचच्या जमवाजमवीकडे मी जास्त आपुलकीनं बघतो. फरक काळाचा. कोकणची बाग जमायला चारशे वर्षं लागली, त्यानं एका रात्रीत जमवली.

पण एकट्या कल्पकतेवर साखळी उभी राहत नाही. साखळी उभी केली ती सनी संडनं. ही मूळची मिनेसोटाची, आधी शिक्षिका असलेली बाई. दोघांचं लग्न १९३७ मध्ये झालं आणि १९४० मध्ये मोडलं, पण धंद्यातली भागीदारी राहिली. डॉन पेयं शोधायचा, पाहुण्यांना रमवायचा आणि पैशाकडे त्याचं लक्ष नसायचं; हिशेब, माणसं, जागा, करार सगळं संड सांभाळायची. १९४० मध्ये शिकागोची शाखा निघाली. दुसरं महायुद्ध आलं, डॉन सैन्यात भरती झाला. युरोपात थकल्याभागल्या वैमानिकांसाठी विश्रांतीची ठिकाणं चालवायचं काम त्याच्याकडे आलं, आणि काप्री, नीस अशा जागी त्यानं ते इतकं चोख केलं की त्याला त्यासाठी ब्राँझ स्टार मिळाला. तो तिकडे असताना इकडे संड शाखा वाढवत होती. पुढे त्यांची संख्या १६ पर्यंत गेली.

तो परतला तेव्हा कंपनी तिची होती. करारानुसार अमेरिकेच्या मुख्य भूमीवर 'डॉन द बीचकोंबर' हे नाव वापरायचा हक्क त्याला उरला नव्हता. ज्या नावासाठी माणसानं आपलं जन्मनाव टाकलं, त्याच नावाची पाटी त्याला लावता येईना. अशा वेळी आपल्याकडे माणूस कोर्टकचेऱ्यांत आयुष्य घालवतो. यानं नकाशा पाहिला. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता. राज्याचा दर्जा त्याला १९५९ मध्ये मिळाला. करार मुख्य भूमीपुरता, तेव्हा हा थेट होनोलुलूला गेला आणि वायकीकीच्या किनाऱ्यावर त्याच नावाचं हॉटेल काढून बसला. ज्यानं कोरड्या लॉस एंजेलिसमध्ये खोटं बेट रचलं, तो अखेर खऱ्या बेटावर राहायला आला.

तिथं १९५० च्या दशकात त्यानं 'इंटरनॅशनल मार्केट प्लेस' ही बाजारवजा जागा उभी करण्यात पुढाकार घेतला. तिच्या मधोमध एक प्रचंड वड होता, आणि त्या वडावर डॉन बीचनं एक खोली बांधून घेतली. ती त्याची कचेरीही होती, आणि दोघांपुरतं टेबल मांडून तिथं जेवणही मिळायचं. हा वड भारतीय वड आहे. वडाची ही जात हवाईत एकोणिसाव्या शतकात बाहेरून आली. आपल्या साळुंक्याही तिथं आहेत, १८६५ मध्ये विल्यम हिलेब्रँड या डॉक्टरनं पिकांवरच्या अळ्या खाव्यात म्हणून भारतातून नेऊन सोडलेल्या. पॅसिफिकचा अस्सल अनुभव घ्यायला अमेरिकन माणूस विमानानं हवाईला जायचा आणि वडाच्या पारंब्यांखाली, साळुंक्यांच्या कलकलाटात बसायचा. सावंतवाडीचा माणूस तिथं गेला असता तर त्याला मोती तलावाच्या काठी आल्यासारखंच वाटलं असतं.

डॉन बीचचा सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे व्हिक्टर बर्जरॉन, 'ट्रेडर व्हिक'. ओकलंडमध्ये १९३४ पासून याची साधी खाणावळ होती. डॉनचं हॉटेल पाहून आल्यावर यानं आपलं दुकान बदलून टाकलं. लहानपणी हाडांच्या क्षयानं त्याचा एक पाय गेला होता. गिऱ्हाइकांना तो शार्कनं पाय नेल्याच्या गोष्टी सांगायचा. १९४४ मध्ये त्यानं 'माई ताई' हे पेय केलं, जमैकाची १७ वर्षं मुरलेली रम, लिंबू, बदामाचा पाक आणि संत्र्याचं मद्य घालून. ते इतकं खपलं की ती जुनी रम जगातून संपली. आज जग माई ताईला हवाईचं पेय समजतं. बर्जरॉननं हिल्टनसारख्या पंचतारांकित हॉटेलांशी करार केले आणि १९६० च्या दशकात त्याच्या जगभरात २५ च्या आसपास शाखा होत्या.

या भरतीची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. युद्धात लाखो अमेरिकन तरुण पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन आले होते. तिथल्या चिखलाची आणि मरणाची आठवण बाजूला सारून त्यांना तिथला समुद्र आठवायचा होता. जेम्स मिचेनरच्या तिथल्या कथांना १९४८ मध्ये पुलित्झर मिळालं, पुढच्याच वर्षी त्यावर ब्रॉडवेचं संगीतक आलं. थॉर हेयेरडालची कोन-टिकी तराफ्याची सफर १९४७ मधली. मग हवाई राज्य झालं, जेट विमानं आली. दर मोठ्या शहरात एक झावळ्यांचं छप्पर दिसू लागलं.

ओहोटीचं एक कारण लोक नेहमी सांगतात ते व्हिएतनाम. टीव्हीवर रोज जळणाऱ्या झापाच्या झोपड्या दिसत असताना शहरातल्या झापाच्या झोपडीत बसून पेले उंचावणं नव्या पिढीला नकोसं झालं. ते खरंच आहे. पण मला दुसरं कारण जास्त खोल वाटतं, आणि ते डॉन बीचनं स्वतःच पेरलेलं होतं.

त्याला चोरीची फार भीती. शेजारचा बारवाला जास्त पगार देऊन आपला माणूस पळवील आणि माणसाबरोबर कृतीही जाईल, ही ती भीती. म्हणून बाटल्यांवर नावं नसत, आकडे असत. 'मसाला क्रमांक २', 'मसाला क्रमांक ४', 'डॉन्स मिक्स'. बारमधल्या माणसाला इतकंच ठाऊक की अमुक बाटलीतलं इतकं घालायचं. आत काय आहे हे डॉनला माहीत. परिणाम असा झाला की नक्कल करणाऱ्या शेकडो हॉटेलांना खरी कृती कधी मिळालीच नाही. त्यांनी अंदाजानं पेयं केली. ताज्या लिंबाच्या जागी डब्यातला आंबट रस आला, तीन रमच्या जागी एक स्वस्त रम, आणि चव झाकायला साखर. झाँबी म्हणजे रंगीत, गोडमिट्ट पाणी अशी समजूत झाली, आणि खरा झाँबी ज्यांनी प्यायला होता ती माणसं वयानं थकत गेली. गुपितानं चोरी थांबवली नाही, चव मात्र मारली.

एकेक दार बंद झालं. हॉलिवूडचं मूळ हॉटेल १९८५ मध्ये बंद पडलं. न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलातलं ट्रेडर व्हिक १९८९ मध्ये बंद झालं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये डॉन बीच होनोलुलूला वारला.

नंतरची गोष्ट एखाद्या शोधकथेसारखी आहे. जेफ बेरी नावाचा एक अमेरिकन लेखक १९९० च्या दशकात या जुन्या पेयांच्या मागे लागला. छापील पुस्तकांत झाँबीच्या कृती होत्या, पण एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. मग त्याला डिक सँटियागो या माणसाची वही मिळाली. सँटियागो १९३७ पासून डॉनकडे नोकरीला होता. आपल्या खिशातल्या छोट्या वहीत त्यानं कृती टिपून ठेवल्या होत्या, आणि ती वही त्याच्या मुलीनं जपली होती. वहीत झाँबी होता! पण त्यात एक जिन्नस लिहिला होता 'डॉन्स मिक्स'. कुलूप सापडलं, किल्ली नाही. बेरी जुन्या बारटेंडरांना गाठत राहिला. डॉन्स मिक्स म्हणजे चकोतऱ्याच्या जातीच्या फळाचा रस आणि मसाला क्रमांक ४, इथपर्यंत माग लागला. आणि मसाला क्रमांक ४ म्हणजे काय, तर दालचिनीचा पाक. इतकी वर्षं जिच्यावर आकड्याचा पडदा होता ती वस्तू सावंतवाडीच्या बाजारात कुठल्याही मसाल्याच्या दुकानात पुडीत बांधून मिळते, आणि इथल्या माडांच्या बागांत आंतरपीक म्हणून लावली जाते.

हे सगळं वाचवलं कुणी? एका नोकराच्या खिशातल्या वहीनं आणि काही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीनं. बारमागचे ते फिलिपिनो कारागीर एरवी पाहुण्यांना 'पोरं' म्हणूनच माहीत होते. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, ही माणसं पोटासाठी हॉलिवूडला आलेली, आणि कष्टाची, हलकी समजली जाणारी कामंच त्यांच्या वाट्याला यायची. एका वेळी दहा-बारा जिन्नस, थेंबाचं माप, पाच सेकंदांचा हिशेब, असं पेय रात्रीत शेकडो वेळा तंतोतंत करणारे हे हात होते. मालकाचं नाव पाटीवर लागलं, यांची नावं शोधून काढायला सत्तर वर्षं गेली.

आणि ज्यांच्या बेटांचं नाव विकलं गेलं त्या पॉलिनेशियन लोकांचं काय? लाकडात कोरलेले टिकी त्यांच्यासाठी पूर्वजांचे आणि देवतांचे आकार आहेत. त्या चेहऱ्यांचे दारूचे पेले झाले. उद्या कुणी परदेशात आमच्या रवळनाथाच्या तरंगाचा पेला करून त्यात दारू ओतली तर सावंतवाडीत काय वाटेल, याचा विचार केला की त्यांच्या तक्रारीला वेगळं उत्तर उरत नाही. नव्या पिढीतल्या काही बारवाल्यांनी हे मनावर घेतलं आहे. पेयं ठेवली, कारागिरांची नावं सांगायला सुरुवात केली आणि देवांचे चेहरे काढून टाकले. मला ते रास्त वाटतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही पेयं परत आली आहेत ती या खुल्या झालेल्या कृतींमुळे. बेरीनं मिळालेलं सगळं छापून टाकलं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००९ साली 'स्मगलर्स कोव्ह' निघालं, त्यातल्या रमचा संग्रह बघायला जगभरातून लोक येतात. फ्लोरिडातलं १९५६ चं 'माई-काई' ऑक्टोबर २०२० मध्ये पावसानं स्वयंपाकघराचं छत कोसळून बंद पडलं होतं, ते २०२४ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडलं. ट्रेडर व्हिकची लंडनची शाखा १९६३ पासून चालून २०२२ च्या अखेरीस मिटली, पण आखाती देशांतल्या त्याच्या शाखा भरभराटीत आहेत. दुबईत राबणारी आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्या पाट्यांवरून रोज जात असतील.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आता मोप्याचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, आणि तारकर्ली-शिरोड्याकडे झावळ्यांच्या छत्र्या वाढताहेत. पुण्या-मुंबईतल्या मालवणी हॉटेलांत भिंतीवर जाळं आणि कोपऱ्यात होडी असते. देखावा लवकर जमतो. चितारआळी, उभा बाजार, एसटी स्टँड या परिसरात ज्या घरगुती खाणावळींतून सुरमईचं तिखलं आणि काळ्या वाटाण्याची आमटी पिढ्यान् पिढ्या एकाच चवीची निघते, तिथल्या मसाल्याचं माप बहुतेक वेळा एका बाईच्या मुठीत असतं. ते तिच्या नावानिशी कुणी टिपून घेतंय का, हा प्रश्न मला सँटियागोच्या वहीपासून सुटत नाही.

डॉनच्या पहिल्या फळीतल्या फिलिपिनो बारटेंडरांपैकी रे ब्यूहेन यानं १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेवार्डवर स्वतःची जागा काढली. नाव 'टिकी-टी'. बारापुरता बार, चारदोन टेबलं, खायला काही नाही, बिअर नाही, वाइन नाही, फक्त ती पेयं. रे १९९९ मध्ये गेला. त्याचा मुलगा आणि नातू ती जागा चालवत आले आहेत, आणि त्यांनी तिची दुसरी शाखा काढलेली नाही.